शिट्टीबाईंची सरळ रेषा

शिट्टीबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं! वाटेत डोंगर आला तरी त्या वळसा घ्यायच्या नाहीत. डोंगराशी गाठ पडायची वेळ अजून आलेली नाही, पण माणसं आजवर मुकाट्यानं बाजूला होत आलीत. मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून त्यांनी उभी हयात काढली. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शिट्टी परत मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, "नोकरी काढून घेतलीत तेवढं पुरे! शिट्टी मिळणार नाही!" ती शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात आहे. दूधवाला उशिरा आला, शिट्टी. शेजाऱ्यानं रेडिओ मोठा लावला, शिट्टी. नवरा जेवताना पेपर वाचायला लागला, शिट्टी!

तर अशा या शिट्टीबाईंनी एका संध्याकाळी जाहीर केलं, "अहो, मी पक्षी मोजणार!"

'अहो' म्हणजे त्यांचे यजमान. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं इवलंसं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. ते तेव्हा एका गजराच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. डोळ्याचं भिंग न काढताच त्यांनी विचारलं, "कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? पक्षी काय कुणाच्या मालकीचे असतात? गावातले! हौशी लोकांची मोजणी आहे, हिवाळाभर, दर रविवारी. मी नाव दिलंय. तुमचंही दिलंय."

"तुला पक्षी ओळखता येतात?"

"मधल्या सुट्टीत अख्ख्या मैदानातून पळून जाणारी एक मुलगी मी लांबून हेरायचे! पक्ष्यांचं काय घेऊन बसलात? त्यांच्याकडे तर दप्तरही नसतं!"

खरं कारण वेगळं होतं, आणि ते घड्याळजींना पुरतं ठाऊक होतं. खरं कारण होतं ताई.

ताई म्हणजे शिट्टीबाईंची सख्खी थोरली बहीण. राहायला अगदी जवळ, चार गल्ल्या सोडून, आईच्याच जुन्या घरात. पण दोघींमधून विस्तव जात नव्हता. झालं होतं असं, की मागे एकदा सगळी भावंडं जेवायला जमली असताना ताई सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या या धाकटीनं आयुष्यात एक काम तडीस नेलेलं दाखवा, आणि माझ्याकडून बक्षीस घेऊन जा!" एवढ्यावर थांबली असती तर ठीक. पण तिनं यादीच वाचली! स्वेटर विणायला घेतला, एक बाही झाली, घड्याळजी बिचारे अजून एका हाताला ऊब घेतात. पेटी शिकायला लागली, गाण्याची पहिली ओळ आली, दुसरीची शेजारी अजून वाट बघताहेत. गाडी शिकली, पुढे न्यायची. मागे घ्यायचा धडा राहिलाच!

सगळे हसले. आणि बाईंना सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

"पुन्हा तुझ्या घराचा उंबरठा ओलांडला तर मी नावाची नाही!" असं म्हणून बाई भरल्या ताटावरून उठल्या. "आणि मी तुझ्याशी एक अक्षर बोलले तर मीही नाही!" असं म्हणून ताईनं त्यांचं ताट उचललं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशा दोघी! तेव्हापासून ही तिच्या घरी जात नव्हती आणि ती हिच्याशी बोलत नव्हती. आता हिवाळाभर एक काम टिच्चून तडीस न्यायचं आणि ताईचे दात तिच्याच घशात घालायचे, हा बाईंचा बेत.

मोजणीची पहिली सभा एका शाळेच्या वर्गात भरली. संयोजिका प्राणिशास्त्र शिकवणारी एक तरुण मुलगी होती. आवाज इतका मवाळ, की पहिल्या बाकालाही कान टवकारावे लागत. तिनं गावाचा नकाशा फळ्यावर लावला. त्यावर पट्टीनं मारलेल्या सरळ रेषा.

"प्रत्येक जोडीला यातली एक रेषा," ती म्हणाली. "रविवारी सकाळी त्या रेषेवरून सावकाश चालायचं. एकानं बघायचं, एकानं लिहायचं. डावी-उजवीकडे दिसेल, ऐकू येईल तो पक्षी टिपायचा. गप्पा मारायच्या नाहीत. दर वेळी तीच रेषा, बदलायची नाही. एकदा धरली ती धरली! नाहीतर या आठवड्याची त्या आठवड्याशी तुलनाच होणार नाही."

बाईंना हे फार आवडलं. शिस्त म्हणतात ती ही! इतक्यात मागच्या बाकावर कुणीतरी खुसपुसलं. संयोजिका पुढे काहीतरी सांगतच होती, पण वर्गात खुसपूस म्हटल्यावर बाईंचा हात आपसूक गळ्याशी गेला.

फुर्रर्रर्रर्र!

खिडकीवरचे पारवे उडाले. मागचा बाक ताठ झाला. संयोजिकेच्या हातातला खडू पडला.

"हं, आता बोल बाळ," बाई म्हणाल्या.

"झालं... झालं सांगून," ती म्हणाली आणि घाईघाईनं नकाशे वाटायला लागली.

घरी आल्यावर घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून नकाशा वाचला. "रेषा बाजाराच्या चौकातून निघते. मग केशकर्तनालय. मग दातांचा दवाखाना. मग एक वखार. मग..." आणि ते थांबले.

"मग काय? घड्याळ बंद पडल्यासारखे थांबू नका!"

"मग ताईंचं घर."

घरात अशी शांतता पसरली की दुकानातून आणलेली सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली.

"आणि त्याच्या पुढे?"

"परसाच्या भिंतीपलीकडे ते मोठं झाड आहे ना? तिथं रेषा संपते. मी काय म्हणतो, दुसरी मागून घेऊ या का?"

"दुसरी? म्हणजे ताईनं म्हणायचं, बघा, सुरू व्हायच्या आधीच सोडलं! मुळीच नाही! त्या झाडाखाली मी उभी राहणार म्हणजे राहणार!"

"पण मधे घरं आहेत, भिंती आहेत..."

"घरांना दारं असतात, अहो!"

पहिल्या रविवारी दोघं निघाले. बाईंच्या गळ्यात शिट्टी आणि दुर्बीण, घड्याळजींच्या हातात फळी आणि पेन्सिल. चौकातून सरळ केशकर्तनालयात शिरले. न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. त्याला वाटलं, घड्याळजी केस कापायला आलेत. "बसा," तो म्हणाला.

बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. दुर्बीण लावली. संथपणे दुकानाच्या मधोमध चालत खिडकीबाहेर पाहिलं आणि कुजबुजल्या, "दोन कावळे. लिहा."

"एकच आहे," घड्याळजी कुजबुजले. "दुसरा आरशातला."

"मग आरसा झाकायला सांगा!"

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. "काय मोजताय बाई?" बाईंनी पुन्हा तोंडावर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम, गप्पा नाहीत! पावलागणिक नकाशा बघत दोघं मागच्या दारानं बाहेर पडले. न्हाव्याचं तोंड उघडं ते उघडंच.

पुढे दातांचा दवाखाना. तिथं खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडलेले, डॉक्टर वर वाकलेला. मधोमध खुर्ची! पण वळसा घेतील तर त्या शिट्टीबाई कसल्या? "जरा पाय आवरा," असं खुणेनं सांगून त्या गृहस्थांच्या पायांवरून पलीकडे गेल्या. मागोमाग घड्याळजी, "माफ करा, माफ करा" पुटपुटत. त्यांनी नकाशावर एक खूण केली, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा खूण केली.

"हे कसलं मोजमाप आहे?" डॉक्टरनं घाबरत विचारलं.

"सर्वेक्षण," घड्याळजी हळूच म्हणाले. दोघं गेले. खुर्चीतले गृहस्थ एवढे धास्तावले की दुसऱ्या दारानं त्यांनीही पोबारा केला, कापसासकट.

वखारीतून, लाकडांच्या थप्प्यांवरून चढून-उतरून, शेवटी दोघं ताईच्या दारात आले. दार उघडं होतं. समोर उंबरठा. बाईंनी पाऊल उचललं आणि ते पाऊल हवेतच थांबलं. शपथ!

आतून ताईचा आवाज आला, नवऱ्याला उद्देशून, पण चार घरांना ऐकू जाईल असा: "अहो, दारात कोण उभं आहे त्यांना विचारा, आत येणाराय का बाहेर राहणाराय? माझी केर काढायची वेळ झालीय!"

ताईचे यजमान, म्हणजे बाईंचे भाऊजी, पोस्टात होते. आयुष्यभर लोकांचे निरोप घरोघर पोचवले आणि आता निवृत्तीनंतर घरातल्या घरात तेच काम नशिबी आलेलं. ते दारात आले. "मेव्हणीबाई, ती विचारतेय..."

"ऐकलं मी! तिला म्हणावं, मी मोजणीच्या कामावर आहे!"

"कामावर?" आतून हसणं. "विचारा, कुठवर झालं?"

बाईंनी झाडाकडे पाहिलं. छपरावरून त्याचा शेंडा दिसत होता. त्यावर कसलातरी पक्षी होता, पण इथून काळा ठिपकाच. उंबरठा ओलांडला तर शपथ मोडते, परत फिरलं तर काम अर्धवट. शेवटी बाई वळल्या, मागे दार धाडकन् बंद झालं आणि त्या पाय आपटत परत आल्या. ती रात्र... नाही, रात्रीचं राहू द्या, घड्याळजींना ती आठवायची नाही.

आता पाहा, गावातलं बोलणं वाऱ्यापेक्षा पुढे पळतं. नकाशावर सरळ रेषा, हातात फळी, घरादारातून मधोमध चालणं, विचारलं तर उत्तर नाही! न्हाव्यानं दोन आणि दोन मिळवले आणि त्याचे बावीस केले. रस्ता येतोय! चौकातून थेट त्या मोठ्या झाडापर्यंत, वाटेतली सगळी घरं पाडून! मंगळवारपर्यंत रस्ता रुंद झाला, बुधवारी त्यावर पूल आला.

गुरुवारी न्हावी आणि दाताचा डॉक्टर हात जोडून बाईंच्या घरी हजर.

"बाई, ती रेषा जरा डावीकडे घेता येणार नाही का?" न्हावी काकुळतीला आला. "तिकडे पिठाची गिरणी आहे. गिरणीवाला तसाही भांडखोर आहे."

"एक तसूभरही हलणार नाही!" बाई कडाडल्या. "नियम आहे!"

"मग माझ्या दुकानाचं काय?"

"त्याचं काय? मधून जाणार. अगदी मधोमध."

न्हावी एक पाऊल पुढे सरकला. "आणि आरसे?"

"त्यांचाच तर घोटाळा आहे. आधी आरशांचं बघा."

"माझी खुर्ची तरी वाचेल का हो?" डॉक्टर रडवेला झाला. "नवीन आहे. वरखाली होते."

"खुर्ची बरोबर रेषेत येते. हलवा. रविवारच्या आत!"

"रविवारी? एवढ्या लवकर?"

"या रविवारी, आणि मग हिवाळाभर दर रविवारी. मी हातात घेतलंय ते तडीस नेणार! कुणाला काय वाटतं याची मला पर्वा नाही!"

दोघं भिंतीला धरून बाहेर पडले. घड्याळजी भीत भीत म्हणाले, "मला वाटतं, त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय."

"गैरसमज कसला? लोकांना शिस्त नको असते!"

आणि ताई? ताईच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा ती एकच वाक्य बोलली म्हणे. "माझ्या घरावरून रस्ता नेतेय? माझ्यावरचा राग असा काढतेय?" आणि मग दिवसभर गप्प बसली. ताई गप्प बसते म्हणजे काय, हे ओळखून भाऊजींची पाचावर धारण बसली.

दुसरा रविवार उजाडला. चौकात ही गर्दी! फलक! 'रेषा हटवा, घरं वाचवा!' दुकानाच्या दारात न्हावी आडवा पडलेला, छातीवर एक आरसा घट्ट धरून. दाताचा डॉक्टर साखळी घेऊन बांधायला निघाला होता, स्वतःला की खुर्चीला, ते त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं. बाजूला वखारवाला बाह्या सरसावून उभा. घड्याळजींच्या खांद्यावर आज एक छोटी शिडी होती, दुकानातली, भिंतीवरची घड्याळं उतरवायची. ती बघून गर्दीत लाट उसळली. "शिडी आणलीय! छपरापासून सुरुवात करणार!"

"बाजूला व्हा!" बाई म्हणाल्या.

"आमच्या अंगावरून जा!" न्हावी जमिनीवरून ओरडला.

बाईंनी क्षणभर विचार केला. घोषणा टिपेला पोचल्या होत्या, पारवे केव्हाच उडून गेले होते, कावळासुद्धा जागेवर नव्हता. असं कसं चालेल? त्यांनी शिट्टी तोंडाला लावली.

फुर्रर्रर्रर्र! "सावऽऽधान!"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या गर्दीतल्या अर्ध्याअधिक बायका कधी ना कधी बाईंच्या हाताखालून गेलेल्या! न्हाव्याची बायको, डॉक्टरची नर्स, वखारवाल्याची आई आणि बायको, दोघीही. ती शिट्टी ऐकली मात्र, सगळ्यांच्या टाचा आपोआप जुळल्या. फलक खाली आले. बायकांच्या सरळ रांगा झाल्या, आणि बायका रांगेत उभ्या राहिल्यावर नवरे जातात कुठे? तेही मागे उभे राहिले.

"एकामागोमाग एक! आवाज नको!" बाई म्हणाल्या आणि न्हाव्यावरून पाय टाकून पुढे झाल्या. रांगेतल्या पहिलीनं पाय टाकला, दुसरीनं टाकला. न्हावी प्रत्येकीला "अगं, तू पण?" म्हणत राहिला आणि शेवटी स्वतःच उठून रांगेत लागला. विरोधाचा मोर्चा बाईंच्या मागे चालायला लागला! केशकर्तनालय, दवाखाना, वखार, सगळं मधोमध पार करून वरात ताईच्या दाराशी थडकली.

दार आतून बंद होतं, कडी घातलेली. बाईंनी दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या घराच्या कडेला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गेल्या. ती मात्र सताड उघडी होती.

"शिडी!"

"अगं, खिडकीतून?" घड्याळजींना घाम फुटला.

"शपथ उंबरठ्याची होती! खिडकीबद्दल मी काही बोलले नव्हते!"

बाई शिडीवर चढल्या. डोकं आत गेलं, दुर्बीण आत गेली, खांदे आत गेले. आणि मग जे राहिलं ते काही केल्या आत जाईना. आत ताई ओट्याला टेकून उभी होती, हातात लाटणं. शेजारी भाऊजी. आतल्या बाजूला शिट्टीबाई कमरेपर्यंत, बाहेरच्या बाजूला कमरेपासून. बाहेर सगळा गाव.

ताईनं बहिणीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वळली. "तिला सांगा," ती म्हणाली, "घर पाडायचं तर पाड म्हणावं. पण आईनं याच ओट्यावर दोघींना घास भरवलाय, ते एकदा आठव म्हणावं, आणि मग पाड!"

"मेव्हणीबाई, ती म्हणतेय..."

"घर? कोण पाडतंय घर?" बाई चक्रावल्या.

"रस्ता नेतेयस ना इथून? सांगा तिला, सगळं कळलंय मला!"

"रस्ता? कसला रस्ता? मी पक्षी मोजतेय! भाऊजी, सांगा तिला, तिच्या घराच्या एका विटेलाही..." आणि बाई मधेच थांबल्या. त्यांची नजर वर गेली. "श्श! कुणी हलू नका!"

भिंतीवर एक जुनं घड्याळ होतं, बंद पडलेलं. त्याच्यामागून काडी घेतलेली एक चिमणी बाहेर डोकावली. चिव! दुसरी फळीवरून उडाली, ताईच्या डोक्यावरून गेली आणि डब्यांच्या रांगेवर बसली. तिसरी थेट खिडकीकडे आली, तिथं शिट्टीबाई अडकलेल्या बघून गोंधळली आणि परत फिरली.

"तीन चिमण्या," बाई हळूच म्हणाल्या. "अहो, लिहा! तीन!"

"तीन नाहीत," ताई नवऱ्याला म्हणाली. "सांगा तिला, चार आहेत. एक घड्याळामागे अंड्यांवर बसलीय. म्हणून तर घड्याळ बंद ठेवलंय."

"हे घड्याळ यासाठी बंद आहे?" बाहेरून घड्याळजींचा आवाज आला. त्यांच्या मनाला ते घड्याळ कैक वर्षं टोचत होतं.

"आणि खिडकी?" बाईंनी विचारलं. या वेळी भाऊजींना मधे न घालता. "थंडीतसुद्धा ही खिडकी उघडी ठेवतेस?"

ताईनं लाटणं ओट्यावर ठेवलं. "तिला सांगा, चिमण्यांसाठी ठेवते. आणखी कुणी यावं म्हणून नव्हे!"

"तिला सांगा, मी काही तसं म्हटलं नाही!"

"मग रडतेय कशाला, विचारा!"

"खिडकीची चौकट लागतेय म्हणून!"

शेवटी ताईनं पुढे होऊन बहिणीचे दोन्ही हात धरले, भाऊजींनी ताईला धरलं, बाहेरून घड्याळजींनी शिडीवरून रेटा दिला, मागच्या रांगेनं घड्याळजींना रेटा दिला, आणि शिट्टीबाई एकदाच्या ओट्यावर आल्या. चिमण्या भुर्रकन् उडाल्या.

एवढ्यात धावत-पळत संयोजिका आली. डॉक्टरनं नकाशाखालच्या नंबरवर तिला फोन करून, रस्ता थांबवा म्हणून गळ घातली होती. भाऊजींनी कडी काढली. तिनं दारातूनच हात जोडून सगळ्यांना समजावलं, की रस्ता नाही, पूल नाही, कुणाचं दुकान जाणार नाही, खुर्चीही नाही. न्हाव्यानं आरशाचा मुका घेतला. मग ती स्वयंपाकघरात आली, मागोमाग घड्याळजी.

"काकू! अहो, लोकांच्या घरांतून कशाला गेलात? रेषेवर घर आलं तर शेजारच्या गल्लीतून जायचं, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!"

"केव्हा?" बाई उसळल्या. "मी पहिल्या बाकावर होते! माझं सगळं लक्ष होतं!"

"तुम्ही शिट्टी वाजवत होतात, काकू. तेव्हाच."

घड्याळजींनी एकदम छताकडे पाहायला सुरुवात केली. भाऊजींना खोकला आला. ताईचं तर पदरात तोंड!

कुणी दुसरी असती तर लाजून खाली बसली असती. शिट्टीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "बरं झालं ऐकलं नाही ते! सांग मला, गल्लीबोळातून फिरलेल्या तुझ्या बाकीच्या शहाण्यांना चिमण्या किती दिसल्या?"

संयोजिका गडबडली. "गावाच्या या भागात... एकही नाही. आम्हाला वाटलं, इथून गेल्याच त्या."

"गेल्या कुठे? माणसांच्या घरात राहतात, तर घरात जाऊन बघायला नको? घड्याळामागे बघायला नको? लिही! चार चिमण्या, घरट्यासकट! आणि ही रेषा आता बदलणार नाही. एकदा धरली ती धरली! नियम तुझाच आहे!"

संयोजिकेनं एकदा बंद घड्याळाकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या शिडीकडे, आणि मान डोलावली.

मग ताईनं चहा टाकला. संयोजिकेला चिमण्या दाखवून झाल्या. आपण कुठे, केव्हापासून, किती पिल्लं वाढवली याचा पाढा ताई भाऊजींमार्फत वाचायला लागली आणि बाई भाऊजींमार्फत त्यात चुका काढायला लागल्या. त्यावरून आईच्या वेळच्या चिमण्या निघाल्या, आईच्या वेळचं घर निघालं, शेजारीण निघाली, शेजारणीची सून निघाली. भाऊजी इतके दमले की "आता तुमचं तुम्ही बघा" म्हणून बाहेर ओटीवर जाऊन बसले. दोघी बहिणींच्या ते लक्षातही आलं नाही! मधे निरोप्या नाही, आणि बोलणं तर धो धो चाललेलं. जेवणाची वेळ झाली, ताईनं ताट वाढलं, आणि या वेळी ते ताट कुणी उचललं नाही.

उन्हं कलली तसे घड्याळजी खाकरले. "मी काय म्हणतो..."

"मधे बोलू नका!"

"नाही, पण ते झाड..."

"कुठलं झाड?"

"रेषेच्या शेवटचं. परसापलीकडचं. ते राहिलं मोजायचं."

बाईंच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. ताई मात्र जागची उठली. ओटीवर पेंगणाऱ्या नवऱ्याला मुद्दाम उठवून आत आणलं, बहिणीसमोर उभं केलं आणि शांतपणे म्हणाली,

"अहो, तिला सांगा. आजही अर्धवटच!"

"पुढच्या रविवारी!" शिट्टीबाई गरजल्या. "पुढच्या रविवारी त्या झाडाखाली उभी राहिले नाही तर..."

पुढची शपथ ताईनं त्यांना घेऊ दिली नाही, हातात शिडी दिली. खिडकीखाली ओट्याला लागून आता एक स्टूल कायमचं आलंय. शिट्टीबाई दर रविवारी, अगदी वेळेवर, त्यावर पाय ठेवून आत उतरतात. दर रविवारी चिमण्या मोजतात, चहा घेतात, भांडतात, जेवतात आणि उन्हं कलल्यावर पुढच्या रविवारी नक्की म्हणून खिडकीतून परत जातात. हिवाळा केव्हाच संपला, मोजणीही संपली. त्या झाडावर कुठले पक्षी बसतात, ते अजून कुणालाही माहीत नाही!